पितृपंधरवड्यातले कागद

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात घोडबंदर रस्त्यावरच्या कासारवडवलीहून एक आजी आमच्या दुकानात आल्या, तेव्हा त्यांनी नातीच्या मापाचे बोलण्याआधी पर्समधून आमचेच कार्ड काढून गल्ल्याजवळ ठेवले आणि सोमवार बंद असे छापलेल्या ओळीवर बोट टेकवले. त्या आदल्या बुधवारी आल्या होत्या. दोन बस बदलून, सात वर्षांच्या नातीला घेऊन त्या आमच्या बंद शटरसमोर उभ्या राहिल्या होत्या आणि शेजारच्या दुकानदाराने सांगितल्यावर तशाच परत गेल्या होत्या. "कार्डावर सोमवार आहे हो," एवढेच त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते अधिक लागले. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारवरून बुधवारवर गेली त्याला चार वर्षे झाली होती. कार्ड मात्र २०१९ मध्ये छापलेले, आणि त्याचे गठ्ठे अजून खणात असल्यामुळे आम्ही ते निर्धास्तपणे वाटत होतो.

आमचे दुकान ठाण्याच्या नौपाड्यात, राम मारुती रस्त्यामागच्या एका गल्लीत आहे. शिवलेल्या नऊवारी, त्यांवरचे ब्लाउज, लहान मुलींचे परकर-पोलके आणि मुलांची तयार धोतरे एवढाच आमचा माल. सासूबाईंनी हे काम स्वयंपाकघरातल्या एका यंत्रावर सुरू केले, कारण त्यांच्या भगिनी मंडळातल्या बायकांना मंगळागौरीचे खेळ खेळायचे होते, आणि झिम्मा-फुगडीत काष्टा सुटेल या धास्तीने निम्म्या जणी कडेला बसून राहायच्या. पुढे कोपिनेश्वर सांस्कृतिक न्यासाच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत तरुण मुली नऊवारीत दुचाकीवर दिसू लागल्या, आणि काम घरातून दुकानात आले. आमचे वर्ष पंचांगाने चालते. संक्रांतीला काळ्या साड्या, पाडव्याला शोभायात्रा, मग लग्ने, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरी, आश्विनात नवरात्र, आणि दिवाळी पहाट. या सगळ्यांच्या मध्ये दोन खड्डे येतात, एक आषाढाचा आणि दुसरा पितृपक्षाचा. आषाढात निदान श्रावणाची तयारी असते. पितृपक्षात पुष्कळ घरांत नवे कापड घेत नाहीत, त्यामुळे गौरीविसर्जनापर्यंत ज्या दुकानात उभे राहायला जागा नसते, तिथे पुढच्या आठवड्यात दिवसाला दोन माणसे येतात, तीही फॉल-पिकोला दिलेली साडी न्यायला.

आधीची काही वर्षे या पंधरा दिवसांना मी सवलतीने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. दहा टक्के, पंधरा टक्के, ब्लाउजची शिलाई मोफत. काहीही फरक पडला नाही, आणि पडणार नव्हताच. कारण माणसे भाव जास्त म्हणून थांबलेली नसतात. ज्यांनी आपल्या घरच्या रीतीप्रमाणे या दिवसांत नवे घ्यायचे नाही असे ठरवले आहे, त्यांना स्वस्ताईचे आमिष दाखवणे मला नंतर थोडे अशोभनीयही वाटू लागले. आजींनी ठेवलेले ते कार्ड मात्र डोक्यातून जाईना. २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, सोमवारी ८ तारखेला प्रतिपदा लागली, आणि त्या दुपारी मी आमच्या दुकानाचे नाव ज्या ज्या वस्तूवर आहे ती प्रत्येक वस्तू काढून कापणीच्या टेबलावर मांडली.

कार्ड, दुमडीचे पत्रक, कापडी पिशवी, दोन जुने फ्लेक्स, बिलाच्या तळाशी छापलेल्या सूचना, खोक्यांवर लावायचा शिक्का, आणि शेजारी मोबाइल उघडून व्हॉट्सॲपवरची मालाची यादी व गूगलच्या नकाशावरची आमची नोंद. हे सगळे एकत्र आम्ही कधीच पाहिले नव्हते, कारण प्रत्येक गोष्ट वेगळ्या वर्षी, वेगळ्या घाईत, वेगळ्या माणसाने केली होती. कार्डावर बंद झालेला दूरध्वनी होता. पत्रकावर "पिवळ्या इमारतीसमोर" अशी खूण होती. ती इमारत पुनर्विकासाला जाऊन तिथे निळे पत्रे लागले आहेत आणि त्यामागे खोदकाम चालू आहे. नौपाड्यात आज इमारतीची खूण सांगणे म्हणजे दोन वर्षांत ती खोटी ठरू देणे, कारण अर्धा परिसर पाडून पुन्हा उभा राहतो आहे. पिशवीवर आम्ही बंद केलेल्या शेरवान्या होत्या. नकाशावर दुकान रात्री नऊपर्यंत उघडे होते, तर शटरवर साडेआठ लिहिले होते. टेबलावर सात वस्तू होत्या, आणि त्या सात वेगवेगळ्या दुकानांची माहिती देत होत्या.

तारखा, वेळा आणि खुणा दुरुस्त करणे सोपे होते. ते एका दुपारी झाले. शब्दांपाशी मात्र आम्ही आठवडाभर अडलो.

पहिला शब्द होता पैठणी. पत्रकाच्या दर्शनी पानावर मोठ्या अक्षरांत "पैठणी नऊवारी, तयार" असे होते. आम्ही ज्या कापडाची नऊवारी शिवतो ते यंत्रमागावर विणलेले असते; बाजारात त्याला सेमी पैठणी म्हणतात आणि गिऱ्हाईकही बहुतेक वेळा तसेच म्हणते. पण छापताना सेमी हा शब्द गळला होता. तो कोणी मुद्दाम गाळला नव्हता. ओळ लांब होत होती. खरी पैठणी हातमागावर विणतात, तिच्या पदरावरचा मोर किंवा कमळ धाग्यात धागा अडकवून हाताने भरतात, म्हणून ती उलटी केली तरी नक्षी जवळपास तशीच दिसते. यंत्रमागावरच्या कापडाच्या मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. एका पैठणीला विणकराचे काही आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर काही महिने जातात. येवला आणि पैठण इथल्या या विणकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते नेमके याचसाठी, की त्या नावाखाली दुसरे काही विकले जाऊ नये. मी हे सासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कपाटातून त्यांची लग्नातली पैठणी काढून आणली, टेबलावर आमच्या तयार नऊवारीशेजारी उलटी पसरली आणि म्हणाल्या, "हिला कातर लावशील का?" नाही लावणार. आम्ही खरी पैठणी कापून कधी शिवलेलीच नाही, आणि कोणी घेऊन आले तर पुन्हा विचार करा असे सांगून परत पाठवतो. मग तोच शब्द पत्रकावर कशाला हवा, हे त्यांनी त्या एका प्रश्नात मला विचारले होते. नव्या पत्रकावर "पैठणी काठाची, यंत्रमागावरच्या कापडाची" असे आहे. ओळ लांब झाली, म्हणून अक्षर लहान केले.

दुसरी ओळ होती "दोन मिनिटांत नेसा". ही ओळ मी लिहिली होती आणि मला ती आवडत होती. बुधवारी दुकान बंद असताना शेजारच्या इमारतीतल्या, कधीही नऊवारी न नेसलेल्या महाविद्यालयीन मुलीला बोलावले, तिच्या हातात आमचीच एक पेशवाई नऊवारी दिली आणि काही न सांगता घड्याळ लावले. तिला अकरा मिनिटे लागली. नाडी कुठून काढायची हे तिला कळेना, निऱ्यांचा ओचा उजवीकडे येतो की मध्ये याचा गोंधळ झाला आणि पदर दोनदा सुटला. दुसऱ्यांदा तिने ती पाच मिनिटांत नेसली. आमच्याकडे शिवणाऱ्या बायकांना दोन मिनिटे लागतात हे खरे आहे, पण पत्रक त्यांच्यासाठी नसते. आता तिथे असे लिहिले आहे: "पहिल्यांदा दहा मिनिटे लागतील. घरी नेण्याआधी दुकानात एकदा आमच्यासमोर नेसून पाहा." या ओळीने गिऱ्हाईक बिचकेल असे मला वाटले होते, पण नवरात्रात अनेक जणी ती वाचून स्वतःहून "एकदा दाखवा ना" म्हणाल्या, आणि त्या दाखवण्यातच कंबरेचे माप चुकले असेल तर लक्षात येऊ लागले.

या प्रयोगातून पुढचे काम सुचले. गिऱ्हाईक आम्हाला खरोखर काय विचारते, हे कागदावर कधी आलेच नव्हते. म्हणून मी तीन वर्षांचे व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि ऑर्डरची वही घेऊन बसले आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच शब्दांत उतरवून काढला. रंग किती, भाव काय, हे असणारच. पण त्याखालोखाल सर्वांत जास्त वेळा आलेले प्रश्न वेगळेच होते. "मांडी घालून बसता येतं ना?" "पोट थोडं वाढलंय, पुढच्या वर्षी होईल का?" "घरी धुता येते की ड्रायक्लीन?" आणि निरनिराळ्या आडवळणांनी, कधी फोनवर आवाज खाली आणून, कधी रात्री अकराला संदेश पाठवून विचारलेला एक प्रश्न: "ही घातल्यावर बाथरूमला जाता येतं का?"

आमच्या कुठल्याही कागदावर याचे उत्तर नव्हते. लग्नात सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत नऊवारीत असणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येकीला ठाऊक आहे. सासूबाईंनी तर मागचा काष्टा बाजूला सारता येईल अशी शिवण त्याच कारणाने वीस वर्षांपूर्वी बसवली होती. आमच्या कामातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आम्ही कधी बोललोच नाही, कारण छापील कागदावर ते कसे लिहायचे हा संकोच होता. मी वाक्य लिहिले आणि त्यांना दाखवले. त्या म्हणाल्या, "अगं, पुरुषही वाचतात पत्रक." मी ते खोडले. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः पेन मागून घेतले आणि त्याच जागी लिहिले: "काष्टा न सोडता स्वच्छतागृहात जाता येते. संकोच न करता विचारा, ताई दाखवतील." मी त्यात एक अक्षर बदलले नाही.

नेसणे आणि घालणे यावरही आमचे बोलणे झाले. सासूबाईंच्या मते नऊ वार हातात घेऊन, कंबरेला गाठ मारून, निऱ्या घालून जी अंगावर येते ती नेसायची. शिवलेली आहे म्हटल्यावर ती घालायची, जसा परकर घालतात. व्याकरणाने त्यांचे बरोबर असेल. पण प्रश्नांची ती यादी पाहिली तर ज्या मुलींना नऊवारीचे एकही टोक ठाऊक नाही त्यासुद्धा "नेसायची कशी" असेच विचारत होत्या आणि "घालते" म्हणणाऱ्या बहुतेक वयस्क होत्या, ज्यांना दोन्हींतला फरक नेमका माहीत आहे. मला यात काही मोलाचे दिसले. शिवलेली असली तरी मुलीला ती नेसायची आहे; तो शब्द तिच्याकडून काढून घेण्याचा अधिकार आम्हाला नाही. पत्रकात नेसणे राहिले, आणि यंत्रावर बसणाऱ्या मावशींशी बोलताना सासूबाई अजून घालणेच म्हणतात.

वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात एरवी आम्हाला कोणी पाच मिनिटे देत नाही. नवरात्र उजाडले की मंडळांची घाई, मग दिवाळीची शुभेच्छापत्रे आणि दिनदर्शिका, आणि तुळशीच्या लग्नापासून लग्नपत्रिका. त्या घाईत प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, मोबाइलवर येते, आपण ते गिऱ्हाईक पाहता पाहता बघतो आणि होकार देतो. पितृपक्षात मी तिथे दोन तास शेजारी खुर्ची घेऊन बसू शकले, आणि जुन्या पत्रकात सहा वर्षे असलेली चूक तेव्हा दिसली. निऱ्या या शब्दात य च्या डावीकडे चंद्रकोरीसारखा अर्धा र हवा, तिथे जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलताना य च्या डोक्यावर रफार बसला होता आणि शब्द निर्या झाला होता. नऊवारी शिवणाऱ्यांच्या पत्रकात निऱ्याच चुकाव्यात, याचे मला फार वाईट वाटले. शालू हा शब्दही तिथे हिंदी वळणाच्या श आणि ल मध्ये होता. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्णमालेविषयीच्या निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल वापरायला सांगितले आहे. आमच्या दुकानावरची रंगाऱ्याने हाताने रंगवलेली पाटी त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि तिच्यावरचा ल तसाच, पाकळ्यांचा आहे. त्या पाटीला आम्ही हात लावला नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा गल्लीत बरीच धावपळ झाली होती. आमची पाटी पहिल्या दिवसापासून मराठीच होती. फक्त कडांचा रंग पुन्हा भरून घेतला.

किती प्रती छापायच्या हा निर्णयही या वेळी निराळा झाला. ऑफसेटवर चार रंगांच्या चार प्लेट कराव्या लागतात आणि यंत्र जुळवण्याचा खर्च प्रती पाचशे असोत वा पाच हजार, तेवढाच येतो. म्हणून जास्त छापल्या की एक प्रत स्वस्त पडते. २०१९ मध्ये त्या स्वस्ताईला भुलून आम्ही कार्डे आणि पत्रके पाच पाच हजार छापली होती, आणि ती संपेपर्यंत वाटायची म्हणून चुकीचा वार चार वर्षे लोकांच्या हातात देत राहिलो. आता डिजिटल यंत्रावर पाचशेच काढली. प्रत महाग पडली, पण काही बदलले तर टाकून देताना जीव अडणार नाही.

छायाचित्रांविषयी फार सांगण्यासारखे नाही. शटर अर्धे वर करून सकाळी दहाच्या सुमाराला येणाऱ्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, मोबाइलवरच काढली. आधीच्या पत्रकात इंटरनेटवरून घेतलेली एक मॉडेल होती. या वेळी आमच्या पाच गिऱ्हाइकांनी लेखी परवानगी देऊन उभे राहायचे मान्य केले. त्यांत सर्वांत धाकटी आठ वर्षांची आहे, तिच्या आईने सही दिली, आणि सर्वांत मोठी बहात्तर वर्षांची. राणी रंग पडद्यावर जसा पेटतो तसा कागदावर येत नाही, छपाईच्या शाईची ती मर्यादा आहे. म्हणून त्या चित्राखाली "प्रत्यक्ष रंग अधिक गडद" अशी ओळ टाकली.

भाव मात्र पत्रकात मुळीच छापले नाहीत, आणि त्याचे कारण त्याच पंधरवड्यात समोर होते. ३ सप्टेंबरला वस्तू व सेवा कर परिषदेने दर बदलले होते आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला लागू होणार होते. तयार कपड्यांवर पाच टक्क्यांची मर्यादा एक हजार रुपयांवरून अडीच हजारांवर गेली आणि त्यापुढच्या कपड्यांवरचा दर बारावरून अठरा टक्के झाला. करापूर्वी सोळाशे रुपयांचा परकर-पोलक्याचा जोड १७९२ ऐवजी १६८० ला द्यायचा, आणि तीन हजारांचा कपडा ३३६० ऐवजी ३५४० ला. भावासकट पत्रके ऑगस्टमध्ये छापली असती तर नवरात्राच्या पहिल्याच दिवशी त्यांतली हजारापुढची प्रत्येक ओळ चुकीची ठरली असती. भावांचा एक वेगळा, एकाच बाजूने छापलेला साधा कागद केला आहे. त्यावर वर तारीख असते आणि बदलला की तो दुकानातल्याच प्रिंटरवर पुन्हा काढतो.

एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. आमच्याकडच्या चार मावशी नगावर काम करतात. पितृपक्षात यंत्रे थांबली की त्यांचे पैसेही थांबतात, आणि दर वर्षी मी उचल देऊन ते प्रकरण मिटवत असे. दोन जुने फ्लेक्स फेकताना प्रश्न आला की नवीन कशाचे करायचे. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलक जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, पण जाड फ्लेक्सही मला नको होता. आमच्याकडे पोतीभर कापडाच्या पट्ट्या, काठांचे तुकडे पडून असतात. थोरल्या मावशींनी मांजरपाटावर काठांच्या तुकड्यांतून अक्षरे कापून शिवायची कल्पना काढली, आणि चौघींनी मिळून सहा फुटांचा फलक व अडीचशे पिशव्या शिवल्या. नगाचा दर नेहमीचाच दिला. पिशवीवर आता शेरवानी नाही. फक्त नाव, वेळ, बुधवार बंद, आणि इमारतीच्या खुणेऐवजी गल्लीचे नाव. फलक नवरात्रात शटरवर लागला तेव्हा मावशींच्या घरची माणसे तो पाहायला येऊन गेली.

उरलेल्या जुन्या कार्डांचे साडेचारशे तुकडे खणात होते. सासूबाईंनी ते रद्दीत जाऊ दिले नाहीत. छापील बाजूवर त्यांनी एकेक आडवी रेघ ओढली, कोऱ्या पाठीवर कंबर, सीट, उंची अशा तीन ओळी हाताने आखल्या आणि टाचणीने कापडाला लावायच्या मापाच्या चिठ्ठ्या केल्या. आश्विनातल्या पहिल्या गुरुवारी कासारवडवलीच्या आजींचा फोन आला, नातीला दिवाळी पहाटेसाठी हिरवी नऊवारी हवी होती आणि गौरीच्या वेळची तिला उंचीला अर्धा इंच कमी पडत होती. सासूबाईंनी फोन कानाशी धरूनच एक चिठ्ठी ओढली, उंचीच्या ओळीपुढे नवा आकडा लिहिला, आणि "बुधवार सोडून केव्हाही या हं," असे दोनदा सांगितले.